पेम्फिगसचा स्कोअर उतरला, पण आईचे हाल तसेच: नेमके मोजतात तरी काय?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आईला गेल्या वर्षी पेम्फिगस व्हल्गॅरिसचे (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटून फोड येणाऱ्या आजाराचे) निदान झाले. सुरुवात तोंडातल्या जखमांनी झाली. पुढे पाठीवर, छातीवर आणि डोक्यात पाण्याचे सैल फोड येऊन ते फुटू लागले आणि त्वचा सोलवटली. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) आणि रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती आवरणारे इंजेक्शन) दिल्यानंतर पाठ व छाती आता कोरडी आहे. डॉक्टर प्रत्येक भेटीत केसपेपरवर ‘पीडीएआय’ असा एक आकडा लिहितात. तो आरंभी 52 होता, आता 9 आहे, आणि त्यावर ते समाधानी आहेत. घरात मात्र आईला अजून भाकरी चावता येत नाही, आमटी बिनतिखटाची करावी लागते, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते आणि गळ्यापाठीवर राहिलेल्या काळ्या डागांमुळे ती लग्नकार्याला जाणेच टाळते. हा आकडा कशाचा बनतो, आणि तिला रोज जो त्रास होतो तो मोजण्याची काही रीत आहे की नाही? डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. पुढच्या भेटीत काय विचारावे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

बाह्यरुग्ण

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आपल्या आईंना तपासलेले नसल्यामुळे फक्त मोजमापाविषयी लिहितो. पीडीएआय (पेम्फिगस डिसीज एरिया इंडेक्स), म्हणजे रोग किती जागेवर पसरला आहे याचा निर्देशांक, एकूण 263 गुणांचा असतो. त्यांपैकी 250 गुण रोगाच्या सक्रियतेचे, म्हणजे त्वचेचे 120, टाळूवरच्या केसांच्या भागाचे 10 आणि तोंड, डोळे, नाक, जननेंद्रिये अशा ओलसर अस्तराच्या भागांचे 120. उरलेले 13 गुण रोग ओसरल्यावर मागे राहिलेल्या खुणांचे. त्वचेचे 12 भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागात जखमा किती व केवढ्या, यावर 0 ते 10 गुण मिळतात. उदाहरणार्थ, पाठीवरची एखादी जखम 6 सेंटिमीटरहून मोठी असेल तर 5, आणि 16 सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा सगळी पाठच सोलवटली असेल तर 10.

तोंडाचे गणित निराळे आहे. एखाद्या जागी एकच जखम असेल तर 1, दोन-तीन असतील तर 2, तिनाहून जास्त किंवा 2 सेंटिमीटरहून मोठ्या दोन असतील तर 5, आणि तो सगळा भाग व्यापला असेल तर 10. आता आपण सांगितलेला 9 पाहा. वरच्या हिरडीचे 2, खालच्या हिरडीचे 2 आणि गालाच्या आतल्या बाजूचे 5 धरले, तर 9 होतात, आणि एवढ्या जखमांनी माणसाचे जेवण खुशाल बंद पडू शकते. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत 15 पर्यंतचा रोग सौम्य, 45 पर्यंतचा मध्यम आणि त्यापुढचा तीव्र धरतात. म्हणून 52 वरून 9 ही उतरण खरी आहे आणि डॉक्टरांचे समाधान रास्त आहे. फक्त तो आकडा जखमांचा विस्तार सांगतो, घास गिळताना काय होते ते सांगत नाही.

काळ्या डागांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे याचा घोळ फार होतो. जखम भरल्यानंतर उरलेला काळेपणा हा सक्रिय रोग नव्हे. तो त्या 13 गुणांत मोजतात, प्रत्येक भागाला फार तर 1. सावळ्या त्वचेवर असे डाग महिनोन् महिने टिकतात. ते दिसतात म्हणून स्टिरॉइड वाढवणे चुकीचे, आणि ते दिसत असताना रुग्णाला ‘आता काही नाही’ असे सांगणेही मला पटत नाही.

खाण्याचा त्रास मोजणारी पद्धत आहे. 2007 साली जर्मनीतील तज्ज्ञांनी मांडलेल्या ‘ॲबसिस’ या 206 गुणांच्या मापात 45 गुण केवळ खाण्यापिण्याच्या वेदनेला दिले आहेत. पाण्याला 1, सूपला 2, दह्याला 3 असे चढत जात सर्वांत कडक पदार्थाला 9 गुण असतात. तो पदार्थ खाताना नेहमी दुखत असेल तर पूर्ण गुण, कधीकधी दुखत असेल तर निम्मे. यादीच्या शेवटी तळलेले स्टेक आहे, ज्याचा आपल्या ओपीडीतल्या बहुतेकांना काही उपयोग नाही. मी तिथे ज्वारीची भाकरी खाता येते का, असे विचारतो आणि उत्तर आकड्यात न मिसळता वेगळे लिहून ठेवतो.

जीवनमानासाठी सर्वांत प्रचलित प्रश्नावली म्हणजे 1994 साली कार्डिफमध्ये तयार झालेली डीएलक्यूआय. तिच्यात मागच्या आठवड्याविषयी 10 प्रश्न आहेत आणि कमाल गुण 30. पण तिच्यात तोंडाविषयी एकही प्रश्न नाही, त्यामुळे आपल्या आईंसारख्या रुग्णांत ती तोकडी पडते. 2013 साली प्रसिद्ध झालेली ‘एबीक्यूओएल’ खास पेम्फिगससारख्या, प्रतिकारशक्ती उलटून फोड येणाऱ्या रोगांसाठी आहे: 17 प्रश्न, 51 गुण. तोंडातली वेदना, हिरड्यांतून येणारे रक्त, टाळावे लागणारे पदार्थ, अंघोळ, कपडे, दिसण्याचा संकोच, लोकांत मिसळणे, हे सगळे त्यात आहे. आपण प्रश्नात जे लिहिले आहे ते जवळजवळ तिच्याच क्रमाने आले आहे. पुढच्या भेटीत हीच प्रश्नावली भरून घेता येईल का, असे सरळ विचारा.

सोनचाफा

मी स्वतः या आजाराची रुग्ण आहे आणि माझे उपचार जुन्या पद्धतीने, म्हणजे डॉ. पसरिचांनी दिल्लीच्या एम्समध्ये रूढ केलेल्या पल्स थेरपीने (ठरावीक अंतराने स्टिरॉइडचे मोठे डोस शिरेतून देण्याच्या पद्धतीने) झाले. माझ्या अनुभवात फोड गेल्यानंतरचा काळ अधिक कठीण होता आणि त्याला कारण रोग नव्हता, औषधे होती: झोप उडणे, चेहरा सुजणे, वाढलेली साखर, विनाकारण येणारे रडू. हे ‘एबीक्यूओएल’मध्ये नीट बसत नाही. त्यासाठी उपचारांच्या ओझ्याची ‘टीएबीक्यूओएल’ अशी निराळी प्रश्नावली आहे; तीही 17 प्रश्नांची. रानजाईताई, दोन्हींबद्दल विचारा.

आणखी एक विनंती. प्रश्नावली आईंनाच भरू द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, पण उत्तर त्यांचेच असू द्या. माझ्या मुलाने माझ्या वतीने ‘जेवणाला त्रास नाही’ असे सांगून टाकले होते, कारण मी कुरकुर न करता दहीभात खात होते.

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारते. मागच्या पंधरवड्यात आईच्या दंडावर दोन नवे फोड आले आणि चार दिवसांत आपोआप सुकले. हा रोग उलटला असे समजायचे का? आणि रक्तातील डेस्मोग्लिनविरोधी प्रतिपिंडांची (त्वचेच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या घटकांची) तपासणी केली तर जास्त नेमके कळेल का?

बाह्यरुग्ण

2008 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, एका महिन्यात तीन किंवा अधिक नवे फोड येऊन ते आठवड्याभरात आपोआप भरले नाहीत, किंवा जुन्या जखमा पसरू लागल्या, तरच रोग उलटला असे म्हणतात. आठवड्याच्या आत सुकणाऱ्या फोडांना तात्पुरते फोड धरतात. तरीही त्यांची तारीख लिहून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. औषधाचा डोस मात्र आपल्या मनाने बदलू नका.

रक्ततपासणीचा उपयोग मर्यादित आहे. डेस्मोग्लिन 1 विरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी त्वचेवरच्या रोगाबरोबर बऱ्यापैकी वर-खाली होते, परंतु डेस्मोग्लिन 3 ची पातळी तोंड पूर्ण बरे झाल्यावरही पुष्कळांत चढलेलीच राहते. आईंचा उरलेला रोग तोंडातला आहे, म्हणून अहवालातल्या एकट्या आकड्यावरून काही ठरवता येणार नाही. हिरड्यांतून रक्त येते म्हणता, तर दातांवर कीटण साचले आहे का हे दंतवैद्यांकडून पाहून घ्या. त्याने हिरड्यांच्या जखमा भरायला वेळ लागतो. तिथे गेल्यावर पेम्फिगस आहे हे आधी सांगा, म्हणजे ते हलक्या हाताने साफ करतील.