निकी बटबद्दल थोडी भर

इंग्लिश फुटबॉलपटू निकी बटबद्दल काहीजण म्हणतात की मँचेस्टर युनायटेडच्या १९९२ च्या युवा संघात तो नुसता सोबतीला होता. मला हे अजिबात पटत नाही. १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा! मधल्या फळीतले नेहमीचे कीन आणि स्कोल्स दोघंही निलंबित, तेव्हा बेकहॅमच्या जोडीने मधली फळी त्यानेच सांभाळली. २००२ च्या विश्वचषकात खुद्द पेलेने त्याची तारीफ केली होती. पुढे तो न्यूकॅसल क्लबकडून वगैरे खेळला. पण मला सगळ्यात भावतं ते २०१६ चं: युवा संघाचे प्रशिक्षक एरिक हॅरिसन यांच्या करड्या नजरेखाली युनायटेडच्या ज्या अकादमीत तो घडला, तिचाच तो प्रमुख झाला. २०१९ मध्ये तर अकादमीतल्या पोरांना मुख्य संघापर्यंत नेण्याची जबाबदारीच त्याच्याकडे आली.