हतनूर आणि तोरणमाळसाठी हलकी, जास्त पॉवरची, पाणी न शिरणारी दुर्बीण कोणती घ्यावी?

प्रश्न : यावल

नमस्कार. मी यावल तालुक्यात शिक्षक आहे आणि गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी हतनूरच्या जलाशयावर किंवा पालच्या जंगलात पक्षी पाहायला जातो. पहिली दुर्बीण मी केवळ आकडा पाहून घेतली होती. तिच्यावर ‘३०×६०’ असे छापलेले होते आणि खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ असेही लिहिले होते. गेल्या ऑगस्टमध्ये तोरणमाळला दोन दिवस पावसात काढले आणि तिसऱ्या दिवशी उजव्या नळीत आतल्या बाजूने वाफ धरली, जी बाहेरून कितीही पुसली तरी जाईना. दिवाळीत पाहिले तेव्हा भिंगाच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे पसरलेले होते.

आता नवी घ्यायची आहे. मानेचा त्रास असल्यामुळे वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास असावे, चष्मा न काढता पाहता यावे, पाणी आत शिरू नये आणि पॉवर किमान बारा तरी असावी, अशी अपेक्षा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : भुसावळ

सर, हलकेपणा आणि पाण्यापासून बचाव या दोन गोष्टी एकत्र मिळतात. जास्त पॉवरचे मात्र हलकेपणाशी जमत नाही. दुर्बिणीवरचा पहिला आकडा पॉवरचा आणि दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. शंभर मीटरवरचा पक्षी बारा पॉवरने साधारण सव्वाआठ मीटरवर असल्यासारखा दिसतो आणि आठ पॉवरने साडेबारा मीटरवर. या चार मीटरांसाठी आपण जी किंमत मोजतो ती फार जास्त आहे, कारण हाताचा कंपही बारा पटीने वाढतो आणि बदकाच्या पंखावरचा रंगीत पट्टा स्थिर दिसतच नाही.

दुसरा मुद्दा उजेडाचा. व्यासाला पॉवरने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते, १०×४२ मध्ये ४.२ आणि खिशात मावणाऱ्या १२×२५ मध्ये जेमतेम दोन. पहाटे आपली बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा दोन मिलिमीटरच्या झोतात सगळे काळपट दिसते. हलकी आणि बारा पॉवरची दुर्बीण हवी म्हटले की नेमकी अशीच बारीक भिंगांची दुर्बीण हाती पडते.

मी हिवाळाभर हतनूरला जातो. ऊन तापले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि पलीकडच्या काठावरचे चक्रवाक विरघळल्यासारखे दिसतात. त्या वेळी जास्त पॉवर ती थरथरच मोठी करून दाखवते. एवढ्या लांबच्या थव्यांसाठी तिवईवरचा स्पॉटिंग स्कोपच, म्हणजे एका नळीची मोठी दुर्बीणच, लागते. माझे बहुतेक निरीक्षण उघड्या पाण्यावर असल्यामुळे मी १०×४२ वापरतो, पण त्यापुढे जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

उत्तर : शहादा

मी तर आठच घ्या असे म्हणेन, आणि त्याचे कारण आमच्या जंगलात आहे. १८८४ नंतर ज्या रानपिंगळ्याची (एका लहान घुबडाची) खात्रीची नोंद शतकभर मिळाली नव्हती, तो पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच पुन्हा सापडला. तो दिवसाही शिकार करतो, त्यामुळे उजेडी दिसू शकतो. अडचण आहे ती साध्या पिंगळ्यापासून त्याला वेगळा ओळखण्याची. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो आणि पंखांवर व शेपटीवर रुंद, ठळक पट्टे असतात. सागाच्या फांदीवरचा पक्षी उडण्यापूर्वी तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात तो दुर्बिणीत सापडलाच पाहिजे. आठ पॉवरमध्ये हजार मीटरवर साधारण ११० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. बारा पॉवरमध्ये तो बराच आकसतो आणि आपण नुसती पानेच शोधत बसतो.

उत्तर : धुळे

पाण्याबद्दल थोडे सांगतो. खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. सांध्यांना रबरी कडी बसवून आत नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला आहे का, आणि आयपीएक्स-७ असा दर्जा किंवा किती खोल पाण्यात किती वेळ टिकते याचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहा. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे. कोरडा वायू भरलेला असला की आत वाफ धरत नाही, आणि ओलच नसेल तर बुरशीही लागत नाही. एकाच कंपनीची सगळी मॉडेल्स सारखी नसतात, हेही लक्षात ठेवा: निकॉनची अक्युलॉन ए२११ जलरोधक नाही, मोनार्क एम५ आहे. झूमची दुर्बीण मात्र अजिबात घेऊ नका.

आपल्याकडे पावसापेक्षा फुफाट्याचा त्रास अधिक आहे. भिंगावरची धूळ कोरड्या रुमालाने पुसली की लेपावर चरे उमटतात. आधी फुंकणीने उडवा, मग मऊ कापड लावा. मे महिन्यात दुर्बीण मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका.

मूळ प्रश्नकर्ता : यावल

सर्वांचे मनापासून आभार. बारा पॉवरचा हट्ट मी सोडला. दोन शंका उरल्या आहेत: चष्म्यासाठी नेमके काय पाहावे, आणि मानेचा विचार करता ८×३२ चालेल का?

उत्तर : भुसावळ

चष्मा असेल तर ‘आय रिलीफ’, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते ते अंतर, निदान पंधरा मिलिमीटर हवे, सोळा-सतरा असेल तर अधिक चांगले. मागचे रबरी कप पूर्ण खाली फिरवून पाहायचे. ८×३२ बहुधा शे-दीडशे ग्रॅमने हलकी असते आणि दिवसा तिच्यात काही कमी जाणवत नाही, परंतु ४२ च्या भिंगात तिच्या जवळजवळ पावणेदोनपट प्रकाश येतो आणि पालच्या दाट झाडीत तो फरक दिसतो. माझे मत असे की ८×४२ घ्यावी आणि गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून येणारा हार्नेस लावावा, म्हणजे भार मानेवर येत नाही.

येत्या रविवारी उजाडताना हतनूरला या. माझी दहाची आणि मित्राची आठची, अशा दोन्ही आणतो. चष्मा लावूनच पाहा. काठाजवळच्या वारकरी या पाणपक्ष्याच्या कपाळावरची पांढरी ढाल कोणत्या दुर्बिणीत अधिक वेळ स्थिर राहते, ते तुमचे तुम्हालाच कळेल.