वीज कंपनीकडे नफा आहे, मग रोकड एवढी कमी का?

कोथरूडकर: आईच्या निवृत्तीच्या पैशातून एका वीजनिर्मिती कंपनीचे शेअर घ्यायचा विचार आहे. काल रात्री वार्षिक अहवालावर पेन्सिलीने खुणा करत बसलो. नफा चांगला, रोकड मात्र तुटपुंजी. आईचा पैसा आहे, धाकधूक होते.

पर्वतीकाका: अहो, आधी 'येणे बाकी' बघा. वीज विकली की नफा लगेच दिसतो, पैसे वितरण कंपनी देईल तेव्हा. थकबाकी इतकी साचली होती की २०२२ मध्ये केंद्राने नियम करून ती ४८ हप्त्यांपर्यंत फेडायची मुभा दिली.

औंधची मीरा: कामकाजातून आलेल्या रोकडीत व्याज भागतंय का, तेही तपासा.

कोथरूडकर: भागतंय, जेमतेम. पण येणे बाकी दोन वर्षं वाढतेच आहे. काका, तूर्तास थांबतो.