फायरप्लेसच्या वर ६५ इंची टीव्ही लावावा का? (न्यू जर्सी, गॅस फायरप्लेस)

नवंघर_एडिसन:

नमस्कार मंडळी, ऑगस्टमधे आम्ही एडिसनला घर घेतलं, फॅमिली रूममधे गॅसची फायरप्लेस आहे आणि तिच्यावर पांढरी लाकडी मँटल, म्हणजे वरची पुढे आलेली फळी. घर बघायला आलो त्याच दिवशी नवऱ्याने ठरवून टाकलं की टीव्ही हिच्यावरच लागणार, आणि आता थँक्सगिव्हिंगच्या सेलमधे ६५ इंची आणला सुद्धा, आठ दिवस झाले खोका तसाच भिंतीला टेकवून ठेवलाय. कारण माझं मन घेत नाहीये. एक तर ते मला फार उंच वाटतंय आणि दुसरं म्हणजे खाली जाळ आणि वर टीव्ही हे काही केल्या पटत नाही. पण ओळखीच्या ज्या ज्या घरी जातो तिथे बहुतेक सगळ्यांनी तसाच लावलाय, मग वाटतं मीच उगाच धास्ती घेतलीये का.

मापं देते. जमिनीपासून मँटलचा वरचा काठ ५५ इंच. मँटल भिंतीतून फक्त ५ इंच पुढे आलीये. छत ९ फूट. सोफा १० फुटांवर आणि मागे सरकवता येत नाही, लगेच किचनचं आयलंड, म्हणजे मधला ओटा आहे. भिंत ड्रायवॉलची (जिप्समच्या पातळ पाट्यांची), फायरप्लेसच्या तोंडाभोवती तेवढी संगमरवराची पट्टी. पुढच्या आठवड्यात सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांना मानेच्या मणक्याचा त्रास आहे, आणि इथे थंडीत बाहेर पडता येत नाही म्हणून दुपारी दोन-अडीच तास मालिका बघणं हाच त्यांचा विरंगुळा. त्या असल्या की फायरप्लेस रोज लागणार हे पण नक्की. ज्यांनी स्वतः लावलाय त्यांनी प्लीज खरं काय ते सांगा.

डॅलसवाला:

आम्ही २०१९ मधे लावला, अजून एकदम ठणठणीत. पण आमच्याकडची परिस्थिती सांगतो म्हणजे तुलना करता येईल. टेक्सासमधे फायरप्लेस वर्षातून पाच-सहा वेळा पेटते, ती पण तासभर, बाकी ती शोभेलाच आहे. सोफा १४ फुटांवर आहे आणि मँटल तुमच्यापेक्षा खाली, ४८ इंचांवर. टिल्टवाला माउंट (टीव्ही भिंतीला धरणारी चौकट) घेतला, म्हणजे टीव्ही थोडा खाली वाकलेला राहतो, त्याने चकाकी पण कमी होते. मला मानेचा त्रास नाही झालेला. तुम्ही लावा, एवढं काही होत नाही.

फिजिओ_नाशिक:

टीव्हीतलं मला कळत नाही पण मानेचं कळतं, रोज तेच बघते, म्हणून लिहितेय. ताई, तुमच्या मापांवरून हिशोब केला. ६५ इंची टीव्हीची उंची साधारण ३२ इंच असते. मँटलच्या वर पाच इंच जागा सोडली तर टीव्हीचा खालचा काठ ६० इंचांवर, मधला बिंदू ७६ वर आणि वरचा काठ ९२ वर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर असतात. म्हणजे १० फुटांवरून मधल्या बिंदूकडे बघायला नजर जवळजवळ १६ अंश वर न्यावी लागणार आणि वरच्या काठाला २२-२३. साधारण १५ अंशांपर्यंत डोळेच वर जातात, त्याच्यापुढे मान मागे टाकावी लागते. तुमचं माप बरोब्बर त्या सीमेवर आहे. तरुण माणूस अर्धा तास बातम्या बघून उठला तर त्याला जाणवणार सुद्धा नाही, पण मणक्याचा त्रास असलेल्या बाईंनी रोज अडीच तास मान मागे टाकून बसणं हे थिएटरात पहिल्या रांगेचं तिकीट काढून रोज सिनेमा बघण्यासारखं आहे. मान मागे गेली की मणक्यातून नसा बाहेर पडतात ती जागा अरुंद होते, मग हाताला मुंग्या, खांदा भरून येणं हे सगळं सुरू होतं. डॅलसवाल्या दादांना त्रास नाही कारण ते १४ फुटांवर बसतात आणि टीव्ही खाली आहे, त्यांचा कोन नऊ-दहा अंशच येतो.

आणि टिल्ट माउंटने टीव्ही वाकतो, मान नाही. चित्र स्वच्छ दिसेल पण बघायचं तेवढंच वर.

रंधा_आणि_ड्रिल:

मी पण जर्सीतच आहे, पंधरा-सोळा वर्षं घरातली सगळी कामं स्वतः करतो, मित्रांकडचे मिळून डझनभर टीव्ही भिंतीवर चढवले असतील, त्यातले चार फायरप्लेसवर. मोठं लिहितोय कारण यात लोक दिसण्यापायी नको त्या गोष्टी करून बसतात.

पहिली उष्णता. टीव्हीच्या मॅन्युअलमधे चालवायचं तापमान दिलेलं असतं, बहुतेकांत वरची मर्यादा ४० सेल्सिअस, म्हणजे १०४ फॅरनहाइट. त्याच्या वर रोज राहिला तर पॅनेल आणि आतले कपॅसिटर लवकर जातात, आणि उष्णतेने बिघडला तर वॉरंटीवाले हात वर करतात. त्यामुळे अंदाज नको, मोजा. साधा थर्मामीटर घ्या, निळ्या पेंटर्स टेपने मँटलच्या वर, टीव्हीचा खालचा काठ येईल तिथे चिकटवा, फायरप्लेस एरवी लावता तशी लावा आणि किमान दीड-दोन तास सोडा. अर्ध्या तासात बघून मोकळं होऊ नका, भिंत हळूहळू तापत जाते. तुमची मँटल ५ इंचच बाहेर आहे ही मला काळजीची गोष्ट वाटते. मँटल खोल असली, आठ-दहा इंच, तर गरम हवा बाहेर फेकली जाते, अरुंद मँटलला वळसा घालून ती सरळ भिंतीला धरून वर चढते. काही नव्या गॅस फायरप्लेसना ती गरम हवा भिंतीतूनच छताजवळ नेऊन सोडायची सोय असते, जुन्यांना नसते.

दुसरं, भिंतीच्या आत काय आहे. लाकडी स्टड, म्हणजे भिंतीच्या आतले उभे खांब, साधारण १६ इंचांवर असतात पण फायरप्लेसच्या वरची चौकट बऱ्याचदा वेगळी असते, कधी पत्र्याचे स्टड असतात, आणि मुख्य म्हणजे गॅसचा धूर नेणारा पाइप तिथूनच वर गेलेला असू शकतो. आधी बाहेर जाऊन बघा, पाइपचं तोंड फायरप्लेसच्या बरोब्बर मागच्या भिंतीत आहे की छतावर. छतावर असेल तर तो तुमच्या टीव्हीच्या मागूनच गेलाय, आंधळेपणाने ड्रिल मारायचं नाही म्हणजे नाही. ६५ इंची टीव्ही पन्नास पौंडांच्या आसपास भरतो, माउंट वेगळा, त्याला किमान दोन स्टडमधे लॅग बोल्ट (लाकडात बसणारे जाड स्क्रू) पाहिजेत. नुसत्या ड्रायवॉलच्या अँकरवर टांगू नका.

तिसरं वायरिंग, आणि यावर मी खरंच पोटतिडकीने सांगतोय. आमच्या आधीच्या घरात मी तेव्हा काही येत नव्हतं म्हणून एका माणसाला बोलावून टीव्ही लावून घेतला होता. त्याने एक्स्टेन्शन कॉर्ड भिंतीत घातली, खाली कोपऱ्यात बाहेर काढली आणि काम छान दिसतंय म्हणून मी खूश. सहा वर्षांनी घर विकायला काढलं तेव्हा इन्स्पेक्टरने ते पकडलं. ड्रायवॉल कापली तेव्हा ती कॉर्ड बघितली, एका ठिकाणी वरचं रबर कडक होऊन तडकलं होतं, बोटाने वाकवलं तर पापुद्रा हातात आला. पाच वर्षांचा मुलगा त्याच भिंतीला टेकून खेळायचा. त्या रात्री मला झोप नाही लागली. इथल्या विजेच्या कामाच्या कोडप्रमाणे, म्हणजे नियमांप्रमाणे, टीव्हीची कॉर्ड किंवा एक्स्टेन्शन भिंतीच्या आत घालायला बंदीच आहे. टीव्हीच्या मागे आत बसवलेलं आउटलेट आणि भिंतीतली रीतसर वायर पाहिजे. फायरप्लेसवर त्यात अडचण अशी की खाली सरळ उतरता येत नाही, खाली आग आहे, म्हणून वायर आडवी न्यावी लागते, मधले स्टड भोकं पाडून, गरम पाइपपासून लांब. हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचंच काम. एचडीएमआय पण भिंतीत घालायची तर सीएल-२ किंवा सीएल-३ (म्हणजे भिंतीच्या आत चालणारी) लिहिलेली घ्या.

डॅलसवाला:

कॉर्डचं वाचून आत्ताच टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघितलं, आमचं आउटलेट आहे, पण हे आधी कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि ताई, तुमच्याकडे रोज आग पेटणार असेल तर माझं "लावा" मागे घेतो. पण खाली ओढता येणारे माउंट मिळतात ना आता, बघताना डोळ्यांसमोर आणायचा आणि नंतर वर ढकलायचा, त्याने मानेचा प्रश्न सुटेल की.

रंधा_आणि_ड्रिल:

मानेचा सुटतो. पण खाली ओढला की टीव्ही थेट फायरप्लेसच्या तोंडासमोर येतो, म्हणजे आग चालू असताना तो ओढायचाच नाही. आणि सासूबाई आग लावूनच मालिका बघणार. शिवाय पन्नास पौंडांचा टीव्ही दोन फूट पुढे आला की स्टडवर ओढ भरपूर येते, आणि वयस्कर माणसाने रोज तो खाली-वर करायचा म्हणजे अवघडच. ज्यांच्याकडे आग क्वचित लागते त्यांच्यासाठी चांगली वस्तू आहे.

लीड्सहून_मी:

इंग्लंडमधली गोष्ट थोडी वेगळी आहे पण सुचतंय ते लिहिते. आमचं घर शंभर वर्षांच्या वरचं, विटांचं, चिमणीची भिंत खोलीत पुढे आलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोनाडे, इथे त्याला अल्कोव्ह म्हणतात. आमच्याकडे लाकडं जाळायचा लोखंडी बर्नर आहे, त्याच्या वर टीव्हीचा विचार सुद्धा केला नाही, त्याची धग पेटल्यावर उभं राहवत नाही इतकी असते, आणि दार उघडून लाकूड घालताना जी काजळी उडते ती वेगळीच. आम्ही डावीकडच्या कोनाड्यात टीव्ही बसवला, बाहेर ओढून वळवता येईल अशा हातावर. आता सोफ्यावरून आग पण दिसते आणि टीव्ही पण, दोन्ही डोळ्यांच्या उंचीला. संध्याकाळी चार वाजता अंधार पडतो इथे, तेव्हा टीव्ही बंद करून नुसत्या आगीसमोर बसणं हे मला फार आवडतं, वर काळा चौकोन असता तर ते झालं नसतं.

ताई तुमच्या फायरप्लेसच्या शेजारी भिंत मोकळी आहे का?

नवंघर_एडिसन:

सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारी दोन्ही प्रयोग केले.

थर्मामीटर चिकटवून आग लावली. सुरुवातीला ७१ होता, अर्ध्या तासाने ९६, तेव्हा नवरा म्हणाला बघ काही नाही, मग एका तासाने ११० आणि दोन तासांनी ११९ फॅरनहाइट. मँटलवर हात ठेवला तर कोमट, पण त्याच्या वर भिंतीला तळवा लावला आणि पटकन काढून घेतला. नवरा स्वतःच म्हणाला की इथे आपण दुधाचं पातेलं ठेवणार नाही, टीव्ही कसला लावतो. मग बाहेर जाऊन बघितलं, पाइप छतावरच निघालाय.

सासूबाई शुक्रवारीच आल्या. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा ५७ बाय ३२ इंचांचा कापून मँटलच्या वर चिकटवला, त्याच्या मधोमध फोन टेपने लावला आणि त्यांना म्हटलं आई, तुमची मालिका बघा इथून. बिचाऱ्या बसल्या, चित्र बारीक होतं पण आवाज होता. वीस मिनिटांत त्यांचा हात मानेवर गेला, त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान चोळत बघत राहिल्या. नवऱ्याने ते बघितलं आणि उठून पुठ्ठा काढला.

फायरप्लेसच्या डावीकडे सात फुटांची भिंत मोकळी आहे, आत्ता तिथे पुस्तकांचं कपाट आहे, ते वर नेतोय. तिथे आउटलेट आधीपासून आहे. स्टड फाइंडरने बघितलं तर १६ इंचांवर नीट सापडले. मधला बिंदू ४२ इंचांवर धरला तर टीव्हीचा खालचा काठ २६ वर येतो, त्याच्या खाली २० इंच उंचीचं लांब कपाट बसेल ना? आणि सोफा थोडा तिरका करणार आहोत.

मँटलवर आईंनी साताऱ्याहून आणलेला पितळेचा गणपती ठेवलाय, आग नसते तेव्हा संध्याकाळी तिथेच निरांजन लावतात.

रंधा_आणि_ड्रिल:

बसेल, पण कपाट आणि टीव्ही यांच्यात तुम्हाला सहाच इंच मिळतायत, साउंडबार ठेवणार असाल तर त्याची उंची आधी मोजा, रिमोटचा सेन्सर झाकला जातो नाहीतर. कपाट भिंतीला पट्टीने बांधून घ्या. लॅग बोल्ट मारायच्या आधी बारीक ड्रिलने भोक पाडून स्टडचा मध्य सापडलाय का बघा, भुसा पांढरा आला तर फक्त ड्रायवॉल लागलीये, लाकडाचा आला की मग पुढे जा. रविवारी मी मोकळा आहे, एडिसन वीस मिनिटांवर आहे मला, मेसेज करा, दुसरं टोक धरायला येतो.