मदत हवी आहे : आईबाबांसोबत मसाई मारा, सफारीचा दिवस झेपेल का?

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचं ठरतंय. विल्डबीस्टचे (मोठ्या आफ्रिकन हरणांचे) कळप शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून मारा नदी ओलांडून येतात ते पाहायचं बाबांचं फार जुनं स्वप्न आहे. बाबा सत्तरीचे, ठणठणीत. आईला मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात, म्हणून तिची काळजी जास्त वाटते.

दिवसाचा साधारण क्रम कळला आहे: सहा-साडेसहाला पहिली फेरी, मग नाश्ता, दुपारी उन्हात आराम, चारच्या सुमारास दुसरी फेरी आणि अंधाराआधी कॅम्पवर परत. पण नदीवरचं क्रॉसिंग पाहायचं तर डबा घेऊन अख्खा दिवस गाडीतच काढावा लागतो म्हणे. कळप काठावर तासन् तास थांबतात, कधी उलटे फिरतात. वाट पाहायला आमची ना नाही, पण आईचं खाणं आणि गोळ्या वेळेवर व्हायलाच हव्यात. शिवाय जंगलात गाडीतून उतरता येत नाही, मग बाथरूमचं काय करता? ज्येष्ठ बायकांना घेऊन गेलेल्यांनी हे मोकळेपणाने सांगाल का?

उंच लँड क्रूझरमध्ये चढणं गुडघेदुखीवाल्यांना जमतं का? नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास न्यावं, की विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने? पहाटे थंडी असते, तर स्वेटर पुरतो का? आणि शाकाहारी जेवण, विशेषतः बांधून दिलेल्या डब्यात, नीट मिळतं का?