फिटर ट्रेड, मुलगी, पहिलाच रोजगार मेळावा: तयारी काय करू?

गंगापूरची फिटर

नमस्कार. मी गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. शासकीय आयटीआयतून दोन वर्षांचा फिटर ट्रेड पूर्ण केलाय, परीक्षा पास आहे. पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा आहे. महास्वयमवर (सरकारच्या रोजगार पोर्टलवर) नाव नोंदवलं, कंपन्यांचा पसंतीक्रमही भरला. यादीत वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याच नावांची मला काहीच माहिती नाही.

अडचण अशी आहे की घरात आतापर्यंत कुणीच कंपनीत गेलेलं नाही, त्यामुळे विचारावं कुणाला कळत नाही. मोठा भाऊ म्हणतो, फिटरला वजनं उचलावी लागतात, मुलगी बघून परत पाठवतील, आधी डंबेल आण आणि हातात ताकद कमव. वडील म्हणतात, त्या पैशात चांगले बूट घे. बायोडाटा तालुक्याच्या नेट कॅफेत करून घेतला. त्यात वरती चार ओळी इंग्रजीत आहेत, त्या मला स्वतःला नीट समजावून सांगता येत नाहीत.

ट्रेडवर काय विचारतात? पगाराचं आपण विचारलं तर चालतं का? आणि डंबेलचं खरंच काही करायला हवं का? ज्यांनी मेळाव्यातून नोकरी घेतली किंवा दिली, त्यांनी कृपया सांगा.

टूलरूमवाले काका

बाळा, वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूम, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायचा-दुरुस्त करायचा विभाग, सांभाळून मी निवृत्त झालो. मेळाव्याला आमचे एचआरवाले मला सोबत न्यायचे, कारण ट्रेडचे प्रश्न विचारायला शॉप फ्लोअरचा माणूस लागतो. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

पोरं येतात, बायोडाटा ठेवतात, "सर, बघा काहीतरी" म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे पळतात. जितके जास्त कागद वाटू तितकी संधी जास्त, असं त्यांना वाटतं. संध्याकाळी आम्ही गठ्ठा उघडतो तेव्हा त्यातला एकही चेहरा आठवत नाही. ज्याने समोर बसून कामाचं काही सांगितलं, तोच आठवतो. म्हणून तू चारच कंपन्या निवड. त्या काय बनवतात ते आदल्या दिवशी मोबाइलवर बघून ठेव आणि तिथे बसून बोल.

आता ट्रेडचं. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला की सगळे ०.०२ मिलिमीटर सांगतात. तो आला कुठून, हे विचारलं की बरेच जण गप्प होतात. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरचे व्हर्निअरवर ५० भाग केलेले असतात. म्हणजे एक भाग ०.९८ चा, आणि १ मधून तो गेला की उरतात ०.०२. हे कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे. एम१० चा, म्हणजे १० मिलिमीटरचा, आटा पाडायचा तर ड्रिल कितीचं? दहातून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा कर, पिच १.५, म्हणून ८.५. याच हिशेबाने एम८ ला ६.८ आणि एम१२ ला १०.२. ड्रॉइंगवर २० एच७ लिहिलं असेल (एच७ म्हणजे मापात किती फरक चालतो त्याची खूण) तर भोक २०.००० ते २०.०२१ मिलिमीटरमध्ये बसलं पाहिजे. एच७ तोंडपाठ असलेला ताजा आयटीआयवाला क्वचित भेटतो. असा भेटला की मी एचआरला तिथेच सांगायचो, याचं नाव वर लिही.

पण माझा मुख्य प्रश्न वेगळाच असायचा. आयटीआयत तू स्वतः केलेला सगळ्यात अवघड जॉब कोणता, आणि तो कुठे अडला? यावर पाठांतर चालत नाही. समज, तू डव्हटेल फिटिंग (तिरक्या खाचेत दुसरा तुकडा सरकवून बसवणं) केलंय. मग सांग की दोन तुकडे एकमेकांत सरकत नव्हते, ब्लू (कुठे घासतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून बघितलं, एका कोपऱ्यात डाग उमटला, तेवढीच जागा स्मूथ फाइलने घेतली, आणि परत लावून बघितलं. एवढं ऐकलं की मला कळायचं, या पोरीने खरंच कानस चालवली आहे. मग तिचे टक्के किती, हे मी पुढे बघतही नसे. आज रात्री वही घेऊन बस आणि तुझे तीन जॉब असे लिहून काढ. मराठीतच सांग. आमच्याकडे शॉपवर सगळे मराठी-हिंदीच बोलतात, फक्त हत्यारांची आणि मोजमापांची नावं इंग्रजीत असतात, ती तुला येतातच.

बायोडाट्यातल्या त्या वरच्या चार ओळी काढून टाक. जे तुला सांगता येत नाही ते कागदावर नको. त्या जागी कोणत्या मशीनवर काम केलं, कोणती मापनसाधनं हाताळली, कोणते जॉब केले ते लिही. कागद एकच पान असू दे. फोन नंबर दोन दे, कारण खेड्यात रेंज जाते आणि बोलावणं तसंच राहतं.

ओळखीची नावं नाहीत म्हणून घाबरू नकोस. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांचं मोठं जाळं उभं राहिलं. मेळाव्याला जास्त करून हेच येतात. माझं ठाम मत आहे की फिटरने पहिली नोकरी अशाच ठिकाणी करावी, तीही प्रॉडक्शन लाइनपेक्षा टूलरूम किंवा मेंटेनन्समध्ये. लाइनवर वर्षभर एकच नट आवळत राहशील. टूलरूममध्ये रोज वेगळी डाय, म्हणजे साचा, समोर येते. पगार पाचशे-हजाराने कमी असला तरी टूलरूम घे.

आणखी एक, हे मात्र नीट वाच. "ट्रेनी" आणि "अप्रेंटिस" यात फार फरक आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेत असतील तर तुझा करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला जातो, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. ते प्रमाणपत्र पुढे कामाला येतं. रेल्वेच्या लेव्हल १ च्या भरतीत रेल्वेत अप्रेंटिसशिप केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात आणि इतर सरकारी कारखान्यांतही त्याला वजन आहे. नुसतं "ट्रेनी" म्हणून घेतलं तर यातलं काही हाती लागत नाही. टेबलावर सरळ विचार, "सर, करार पोर्टलवर नोंदवणार का?" चांगली कंपनी या प्रश्नाने खूश होते.

भावाला माझा निरोप दे. जड डाय क्रेनने नाहीतर चेन पुलीने उचलतात. ती हाताने उचलायला जाणाऱ्या फिटरला आम्ही शॉपबाहेर उभं करायचो.

सेकंड शिफ्ट

काकांनी ट्रेडचं सगळं सांगितलं, मी बाकीचं सांगते. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडची, शेंद्र्याला असेंब्लीत आहे, मेळाव्यातूनच लागले.

ताई, वजन उचलण्याची भीती काढून टाक, पण अंगाची तयारी हवी, ती वेगळ्या कारणासाठी. आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं असतं. पहिल्या महिन्यात पोटऱ्या आणि कंबर बोलायला लागतात, आणि बऱ्याच मुली त्यामुळेच सोडून जातात. एका वजनाची डंबेल्स आणू नकोस, थोड्याच दिवसांत ती हलकी वाटतात आणि पुढची जोडी घ्यावी लागते. घ्यायचंच असेल तर रबरी ट्यूब घे, ज्याला रेझिस्टन्स बँड म्हणतात. खांदे, पाठ, दंड सगळं त्यावर होतं, जागा लागत नाही, पिशवीत मावते. ती खिडकीच्या गजाला बांधण्याआधी कुठे चीर गेली नाही ना ते बघत जा, तुटली तर तोंडावर येते. पुढे पगार झाला आणि आवड लागली तर वजनाच्या चकत्या बदलता येतात तसला डंबेलचा रॉड घे, तो वर्षानुवर्षं पुरतो.

सध्या काहीच विकत न घेताही भागतं. पाण्याचा पाच लिटरचा कॅन म्हणजे पाच किलो. दोन्ही हातांत एकेक घेऊन अंगणात फेऱ्या मार, पकड तयार होते. उंबऱ्यावर चवडे टेकून टाचा वर-खाली कर, पोटऱ्यांना याच्यासारखं दुसरं काही नाही. आणि कॅन जमिनीवरून उचलताना कंबरेतून वाकू नकोस, गुडघ्यात वाक. तीच सवय कंपनीत कामाला येते. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मात्र नवीन काही सुरू करू नकोस, पाय दुखत असताना रांगेत उभं राहणं नको.

बुटांचं वडील बरोबर सांगतात. पुढून बंद, मऊ तळव्याचे बूट घे आणि आधी दोन-तीन दिवस घरात वापर. महागडे नकोत. सेफ्टी शूज रुजू झाल्यावर कंपनी देते.

निवड झाली की मेडिकल असतं. नजर, रंग ओळखणं, हिमोग्लोबिन बघतात. आपल्याकडे मुलींचं हिमोग्लोबिन फार कमी निघतं आणि तिथे रुजू होणं लांबतं. आरोग्य केंद्रात आत्ताच तपासून घे. कमी असेल तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या सुरू कर.

आणि हे तीन प्रश्न लाजू नकोस, विचारच: कंपनीची बस तुझ्या रस्त्याने येते का, रात्रपाळीला घरापर्यंत सोडतात का, आणि मुलींना कपडे बदलायला वेगळी खोली आहे का. मी विचारलं तेव्हा शेजारी उभ्या दोन मुलींनीही मान हलवली. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

हजेरी आणि पगार

मी पेरोलमध्ये (पगाराचा हिशेब करणाऱ्या विभागात) काम करतो. पगाराचं विचारायचं का, असं विचारलंय. नक्की विचारा, पण प्रश्न असा ठेवा: "हातात किती येणार आणि पगार कोणाच्या नावाने जमा होणार?"

उदाहरण देतो. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,००० आणि एकूण पगार १८,००० धरा. पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८०. ईएसआयसी (कामगार विमा) एकूण पगाराच्या ०.७५ टक्के म्हणजे १३५. हातात १६,१८५. महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तेव्हा तुमचे २०० वाचतात. आता कंपनीचा पीएफ १,६८० आणि कंपनीचा ईएसआयसी ३.२५ टक्के, म्हणजे ५८५, हे मिळवले की आकडा २०,२६५ होतो. मेळाव्यात फलकावर हाच मोठा आकडा लिहिलेला असतो. तो खोटा नाही, पण घरभाडं त्यातून भरता येत नाही. कँटीन आणि बसचे पैसे कापतात का तेही विचारून घ्या. कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ, ईएसआयसी लागत नाही, त्याला ठरलेलं विद्यावेतन मिळतं.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. टेबलावर पाटी मोठ्या कंपनीची असते आणि नेमणूकपत्र ठेकेदाराचं निघतं. ठेकेदारामार्फत काम करणं वाईटच असतं असं नाही, पण ते आधी माहीत हवं. ठेकेदार असेल तर पीएफ खात्यात भरणा होतोय का ते दर महिन्याला यूएएनवर (तुमच्या पीएफ क्रमांकावर) बघत जा. माझ्या ओळखीच्या एका मुलाचे पैसे कापले जात होते आणि खात्यात काहीच जमा नव्हतं.

गणवेश, ट्रेनिंग, अनामत अशा कोणत्याही नावाने कुणी पैसे मागितले तर तिथून उठा आणि मेळाव्यातल्या सरकारी मदत कक्षात सांगा. उमेदवारासाठी सगळं मोफत असतं.

गंगापूरची फिटर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून रात्री वही काढली. डव्हटेलचं तर लिहिलंच, शिवाय व्ही-ब्लॉक आणि स्टेप फिटिंगचंही लिहिलं. लिहिताना आठवलं की स्टेप फिटिंगला माझा गुनिया (काटकोन तपासायचं साधन) नीट लागत नव्हता आणि सरांनी बाजू परत घ्यायला लावली होती. हे सांगू का? आणि २० एच७ च्या भोकात बसणारी शाफ्ट कितीची, असं विचारलं तर? अजून एक शंका, मूळ प्रमाणपत्र हातात आलेलं नाही, ऑनलाइन काढलेली मार्कशीट आहे. चालेल का?

टूलरूमवाले काका

गुनियाचं जरूर सांग. परत घेतल्यावर बाजू काटकोनात आली ना, ते कसं तपासलं तेही सांग. उजेडासमोर धरून फट बघितली असशील.

शाफ्ट कशी बसवायची आहे त्यावर आहे. मोकळी फिरायला हवी असेल तर २० जी६, म्हणजे १९.९८० ते १९.९९३. हातानेच पण घट्ट सरकवायची असेल तर एच६. शाफ्टचा एच ड्रॉइंगवर लहान लिपीत असतो आणि भोकाचा मोठ्या. त्याची हद्द १९.९८७ ते २०.०००. एवढं पुरे, याच्या पुढचं विचारलं तर "शिकून घेईन" म्हण.

ऑनलाइन मार्कशीट चालते. प्राचार्यांचा सही-शिक्का घेऊन ठेव, दोन झेरॉक्स जास्त काढ. सोबत दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि फोटो. महास्वयमचा नोंदणी क्रमांक बायोडाट्यावर वरच लिही, दारात तोच आधी विचारतात. मूळ कागद फक्त दाखवायचे आणि लगेच फाइलमध्ये परत ठेवायचे, कुठल्याही टेबलावर सोडून यायचे नाहीत. कोणत्या कंपन्या निवडल्यास ते इथे लिही, त्यातल्या कुणाकडे टूलरूम आहे ते सांगतो.