ग्रेडमध्ये बेसिक सारखं, तरी बायकांची सरासरी एवढी खाली कशी?

दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यातल्या युनियनच्या समितीसाठी विचारते आहे. कायम कामगार शंभराच्या आसपास, त्यात निम्म्या बायका. समितीने सगळ्यांच्या एकूण पगाराची सरासरी काढली, तर बायकांची जवळजवळ एक तृतीयांशाने कमी आली. व्यवस्थापन म्हणतं, एका ग्रेडला एकच बेसिक आहे, भेदभावाचा प्रश्नच येत नाही. ग्रेडनिहाय बेसिक आम्ही पाहिलं, ते खरंच सारखं आहे.

मग चुकतंय कोण? नीट तपासणी करायची तर कुठकुठले रकाने मागायचे? आणि खरा फरक सापडलाच तर कायद्यात कशावर बोट ठेवायचं? कृपया अंदाजाने नको, माहीतगारांनी सांगा.

पगारपत्रक

दोघांचंही बरोबर असू शकतं. सोपे आकडे घ्या. ग्रेड एकला सगळ्यांना 20,000, ग्रेड दोनला सगळ्यांना 50,000. पुरुष 50: त्यातले 20 ग्रेड एकमध्ये, 30 ग्रेड दोनमध्ये. बायका 50: 40 ग्रेड एकमध्ये, 10 ग्रेड दोनमध्ये. पुरुषांची सरासरी येते 38,000, बायकांची 26,000. ग्रेडच्या आत फरक शून्य, एकूण सरासरीत फरक 31.6 टक्के.

म्हणून दोन प्रश्न सुटे करा. त्याच कामाला तोच पैसा मिळतो का, हा एक. वरच्या ग्रेडपर्यंत बायका पोचत का नाहीत, हा दुसरा. पहिला पगारपत्रकात सापडतो, दुसरा भरती आणि बढतीच्या नोंदींत. या विषयावरची निम्मी भांडणं एक जण पहिल्याबद्दल आणि दुसरा दुसऱ्याबद्दल बोलत असल्यामुळे होतात.

क्रिकेटमध्ये हे उघड दिसतं. ऑक्टोबर 2022 मध्ये बीसीसीआयने सामन्याची फी स्त्री-पुरुषांना सारखी केली: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख. वार्षिक करार मात्र तेव्हा पुरुषांच्या सर्वात वरच्या श्रेणीला 7 कोटी आणि महिलांच्या सर्वात वरच्या श्रेणीला 50 लाख असेच राहिले. शिवाय महिलांच्या वाट्याला कसोटी सामने किती येतात ते बघा. दर सारखा झाला, वर्षाची कमाई झाली नाही.

आता तुमची तपासणी. बेसिक सारखं आहे म्हणून तिथे थांबू नका, फरक सहसा बेसिकच्या खालच्या ओळींत असतो. प्रत्येक माणसामागे हे मागा: रुजू झाल्याची तारीख, रुजू होतानाचा पगार, आधीचा अनुभव, सध्याचं पदनाम आणि प्रत्यक्ष काम (दोन वेगळे रकाने!), ग्रेड, या ग्रेडमध्ये कधी आले, बेसिक, महागाई भत्ता, घरभाडे, कौशल्य भत्ता, उत्पादन प्रोत्साहन, रात्रपाळी भत्ता, ओव्हरटाइमचे तास आणि रक्कम वेगवेगळी, मागच्या तीन वर्षांची शेरेपत्रकं आणि इन्क्रिमेंट, लांब रजा. एका महिन्याचा आकडा घेऊ नका. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात ओव्हरटाइम फुगलेला असतो. बारा महिने घ्या.

मग ओव्हरटाइम आणि रात्रपाळी बाजूला काढून उरलेल्या पगाराला 208 ने भागा (26 दिवस, 8 तास). हा तासाचा दर. तो ग्रेडच्या आत आणि एकाच प्रकारच्या कामात ताडून पाहा. सरासरीबरोबर मध्यकही (सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, कारण दोन-तीन जुन्या सुपरवायझरांचे पगार सरासरी ओढून नेतात.

दोन ठिकाणी विशेष बारकाईने बघा. पहिलं पदनाम. पुरुष ‘क्वालिटी इन्स्पेक्टर’ आणि बाई ‘व्हिज्युअल चेकर’, दोघेही त्याच टेबलावर, त्याच गेजने, तोच भाग तपासतात आणि त्याच नोंदवहीत सही करतात, पण कौशल्य भत्ता फक्त पहिल्याला. असं असेल तर ‘ग्रेडमध्ये बेसिक सारखं’ या वाक्याला काही किंमत राहत नाही.

दुसरं बाळंतपणाचं वर्ष. ‘वर्ष पूर्ण भरलं नाही’ म्हणून इन्क्रिमेंट चुकवलं तर ते नुकसान एका वर्षाचं नसतं. दोघांचा पगार 40,000 आणि वाढ दरवर्षी 10 टक्के धरा. एकीचं एकच इन्क्रिमेंट चुकलं, तर दहाव्या वाढीनंतर एकाला 1,03,750 आणि तिला 94,318. दर महिन्याला साडेनऊ हजारांच्या आसपास फरक, आणि पुढे तो वाढतच जातो. रजेच्या वर्षाला आधीच्या दोन वर्षांच्या शेऱ्यांची सरासरी लावायची, हा नियम करारात लिहून घ्या.

रोखठोक

मुद्दा मान्य, पण एक बाजू राहते आहे. जो जास्त तास उभा राहतो, रात्रपाळी करतो, त्याला जास्त मिळणारच, आणि मिळायलाही हवं. पुष्कळ ठिकाणी बायकाच रात्रपाळीला नको म्हणतात. तो ज्याचा त्याचा निर्णय. त्याला भेदभाव म्हटलं तर खरा भेदभाव झाकला जाईल, असं मला मनापासून वाटतं.

पगारपत्रक

ओव्हरटाइम करणाऱ्यालाच त्याचे पैसे मिळावेत, यात वाद नाही. म्हणून तर तो आधी वेगळा काढायला सांगितला. पण ‘नको म्हणतात’ हे नोंदींवरून तपासा. ओव्हरटाइम कोणाकोणाला विचारला गेला? किती आधी सांगितलं? पाळी सुटायच्या अर्धा तास आधी सांगितलं तर ज्याच्या घरी मूल सांभाळायला दुसरं माणूस आहे तोच हो म्हणेल. जादा तासांनंतर कंपनीची बस असते का? बस साडेअकराला सुटणार नसेल तर तिथून पुढे बाईने घरी जायचं कसं?

आणि रात्रपाळी वर्षानुवर्षं बायकांच्या निवडीची गोष्टच नव्हती. कारखाना अधिनियम 1948 च्या कलम 66 ने संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत स्त्रियांना कामावर घेण्यावर बंदी होती. सूट मिळाली तर रात्री 10 पर्यंतच. आता कामाच्या जागची सुरक्षा आणि परिस्थिती यांच्या नव्या संहितेत (2020) संमती आणि सुरक्षेच्या अटींवर मुभा आहे. पण त्या काळात रात्रपाळी केल्याच्या अनुभवावर पुरुष सुपरवायझर झाले असतील, तर आजच्या ग्रेड दोनमध्ये ती जुनी बंदी अजून बसलेली आहे.

2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेबद्दल हेच दाखवलं. आजच्या काळातला फरक बराचसा एकाच व्यवसायाच्या आतला आहे आणि पहिल्या मुलानंतर तो रुंदावतो, कारण काही नोकऱ्या अवेळी, लांब तासांना प्रमाणाबाहेर पैसे देतात. उलट औषधविक्रेत्यांच्या व्यवसायात एकाची जागा दुसऱ्याला सहज घेता येऊ लागली तसा तिथला फरक खूप कमी झाला. डेन्मार्कमधल्या अभ्यासात मूल झाल्यावर स्त्रियांची कमाई दीर्घकाळ सुमारे 20 टक्क्यांनी मागे राहिलेली दिसते, वडिलांच्या कमाईवर जवळजवळ काहीच परिणाम नाही. याला नुसती ‘निवड’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

बोनस कोणत्या कामाला, हेही विचारा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम महापालिकेत कचरा उचलणं, रस्ते झाडणं अशा मुख्यतः पुरुषांच्या कामांना बोनस होता, त्याच ग्रेडमधल्या सफाई आणि शुश्रूषेच्या, मुख्यतः बायकांच्या कामांना नव्हता. दावे एवढे वाढले की सप्टेंबर 2023 मध्ये महापालिकेला नवा खर्च थांबवल्याची नोटीस काढावी लागली.

लेबर_कोर्ट

कायद्याचं सांगतो. समान वेतन कायदा 1976 ची जागा आता वेतन संहिता 2019 ने घेतली आहे, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. तुमचं कलम 3. एकाच मालकाकडे, त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामाला लिंगावरून वेतनात भेद करता येत नाही. ‘तशाच स्वरूपाचं’ म्हणजे काय ते कलम 2 मध्ये आहे: कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी सारखी, कामाची परिस्थिती सारखी, आणि जो काही फरक असेल तो व्यवहारात महत्त्वाचा नसावा. वर म्हटलेल्या गेजच्या उदाहरणाला हे नेमकं लागू पडतं. पदनाम काय लावलंय याला व्याख्येत जागा नाही.

मुंबईचाच खटला आहे, मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डी’कोस्टा, सर्वोच्च न्यायालय, 1987. अधिकाऱ्यांकडच्या स्त्री स्टेनोंना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार होता. कंपनीचं म्हणणं, त्या वर्गात पुरुषच नाहीत, मग भेद कुठला? युनियनशी करार झालाय, हेही म्हणाले. आर्थिक ओढाताणही पुढे केली. तिन्ही कारणं टिकली नाहीत. तुमच्या युनियनने आधी कुठल्या करारावर सही केली असेल तर घाबरू नका, त्याने बेकायदा फरक कायदेशीर होत नाही.

एक तपशील लोक विसरतात. संहितेत ‘वेतन’ या व्याख्येतून काही भत्ते वगळले आहेत, पण समान वेतनाच्या प्रश्नापुरते त्यातले प्रवास भत्ता, घरभाडे भत्ता, निवाड्याने किंवा तडजोडीने मिळणारी रक्कम आणि ओव्हरटाइम परत धरायचे आहेत. कमिशन धरलेलं नाही. त्यामुळे ‘फरक फक्त घरभाड्यात आहे’ हा बचाव नाही.

दावा कलम 45 खाली. कामगार स्वतः करू शकतो, तो ज्या युनियनचा सभासद आहे ती करू शकते. मुदत 3 वर्षं. थकबाकीशिवाय तिच्या 10 पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. काम सारखं आहे की नाही याचाच वाद असेल तर तो कलम 4 खाली अधिसूचित प्राधिकाऱ्याकडे जातो. दोन्हीसाठी कोणता अधिकारी नेमला आहे ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या.

आणि बैठकीत कोणी म्हणालं की ‘मग पुरुषांचं कमी करतो’, तर तेही चालत नाही. बरोबरी करण्यासाठी कोणाचाही दर खाली आणता येत नाही.

अडचण कंत्राटी बायकांची. कलमात ‘एकाच मालकाकडे’ असं आहे. ठेकेदार वेगळा असला की तुलनाच अडते. पॅकिंग आणि साफसफाई ठेकेदाराकडे दिली असेल तर तुमच्या शंभरात त्या मोजल्याच गेलेल्या नाहीत.

गोदाकाठ

थोडं विषयाबाहेर, पण बोलायला हवं. बीड-परभणीकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर, हिशेब टनावर. ती तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मुकादमाच्या वहीत नाव बहुतेक नवऱ्याचंच. तिथे फरक टक्क्यांत काढताच येत नाही, कारण तिची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. रोजगार हमीवर निदान हजेरीपटावर तिचं नाव स्वतंत्र येतं आणि दर एकच असतो. ज्यांच्याकडे पगारपत्रक आहे त्यांनी ते नीट वाचावं.

दुसरी_पाळी

सगळ्यांचे आभार. पदनाम आणि प्रत्यक्ष काम वेगळं लिहायचं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. दोन अडचणी उरतात. इन्स्पेक्शनला पाच पुरुष आणि एकच बाई आहे, तिथे सरासरी कसली काढायची? आणि आपला पगार उघड होईल म्हणून लोक स्लिप द्यायला कचरतात.

पगारपत्रक

पाच-सहा जणांच्या गटात सरासरी काढूच नका. तिच्या शेजारी तिच्याएवढाच अनुभव असलेला एक पुरुष ठेवा, आणखी एक तिच्यानंतर रुजू झालेला, आणि ओळीओळीने तुलना करा. नंतर आलेल्याला जास्त मिळत असेल तर रुजू होतानाचा पगार बघा. भरतीच्या वेळी मागची स्लिप मागून त्यावर टक्के चढवले असतील तर आधीच्या नोकरीतला कमी पगार तिच्यामागे इथपर्यंत आला आहे. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशात उमेदवाराला मागचा पगार विचारायलाच मनाई आहे, ती याचसाठी.

स्लिपसाठी समितीतल्या एकाच व्यक्तीने नावाच्या जागी क्रमांक घालावा आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी, कुलपात ठेवावी. बैठकीत फक्त क्रमांक जातील. एकटीच बाई असलेल्या गटाचा कागद मात्र तिची परवानगी घेतल्याशिवाय पुढे करू नका, क्रमांक घातला तरी ती लगेच ओळखू येते.

मूळ कंपनी बाजारमूल्याने शेअर बाजारातल्या पहिल्या हजारांत असेल तर तिच्या बीआरएसआर अहवालात (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल) तत्त्व 5 खाली कर्मचारी आणि कामगार यांच्या पगाराचा स्त्री-पुरुष मध्यक छापलेला असतो. तो संपूर्ण कंपनीचा आकडा, त्याने तुमच्या कारखान्याबद्दल काही सिद्ध होत नाही. पण तुमचा आकडा त्याहून फार वेगळा आला तर का, हे विचारायला तो छापील कागद पुरेसा आहे.